दम धरा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बाबा एसी दुरुस्त करायचे. मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नेमकं काय शिकते हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. "फोटो काढायला शिकते, आतले," असं आई शेजारच्या काकूंना सांगायची, आणि ते तसं चूकही नव्हतं. भारतात तीन वर्षं शिकून मी ट्रेनिंगसाठी मस्कतला परत आले, ते एका खाजगी रुग्णालयाच्या सीटी स्कॅन विभागात.

तिथले सीनियर टेक्निशियन केरळचे होते. मला 'मोळे' म्हणायचे, म्हणजे पोरी. माझे स्कॅन अगदी स्वच्छ यायचे आणि मला त्याचा थोडा अभिमान होता. पण ते स्वच्छ यायचे कारण मी क्ष-किरणांचं प्रमाण जास्त ठेवायला सुचवायचे. सीनियर स्क्रीनकडे बघून आकडा थोडाफार खाली आणायचे. "मोळे, ये शादी का फोटो नहीं है," ते म्हणायचे, "डॉक्टर को जितना चाहिए, उतना बस."

जास्त किरण अपायकारक, म्हणून गरजेपुरतेच वापरायचे, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते घरी तांदूळ निवडताना. मंद उजेडातही तांदळातला काळा खडा पटकन दिसतो. किंचित पिवळा पडलेला दाणा ओळखायचा असेल तर मात्र ताट खिडकीपाशी न्यावं लागतं. पोटाच्या स्कॅनचंही तसंच. यकृतातला बारीकसा डाग शोधायचा तर चित्र स्वच्छ हवं, म्हणजे किरण जास्त. मुतखडा पांढराशुभ्र उठून दिसतो, त्यामुळे चित्र थोडं दाणेदार आलं तरी चालतं. शिवाय माणूस बारीक असला तर किरण आणखी कमी पुरतात. किती कमी, हाच प्रश्न. फार कमी केले आणि चित्र वाचताच आलं नाही, तर स्कॅन पुन्हा करावा लागतो. मग वाचवलेलं सगळं वाया, उलट दुप्पट.

एका सकाळी मस्कतच्याच अल् हैल भागातून एक सुतारकाम करणारे गृहस्थ आले. पन्नाशीचे, सडपातळ, सिंधुदुर्गाकडचे. मुतखड्यासाठी दोन वर्षांतला त्यांचा हा तिसरा स्कॅन होता. मी मराठी बोलतेय हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"गो बाय, तू खंयची?"

"मी अल् घुब्राची."

"तसा न्हय गो! गाव खंयचो?"

"सातारा. पण मी तिथे फारशी राहिले नाही."

"दिसताच ता," ते हसून म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ह्या बत्तीन काय होणा नाय मा? तिसऱ्यांदा मारतंत म्हणून इचारलंय."

त्यांच्या बत्तीने, म्हणजे किरणांनी, काही होत नाही असं मला छातीठोकपणे म्हणता येईना. "कमीत कमी वापरू," मी म्हटलं, "आणि एकदाच." 'एकदाच' हा शब्द तोंडातून गेला आणि लगेच वाटलं, हे आपण बोलायला नको होतं.

सीनियरनी खुर्ची मला दिली. "तुम बताओ, कितना?" मी नेहमीपेक्षा बराच खालचा आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "पक्का? फोटो दानेदार आया और डॉक्टर ने वापस भेजा, तो बाबूजी को तुम समझाना." मी मान हलवली.

मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज अरबी आणि इंग्रजीत सूचना द्यायचा. तो बंद करून मी स्वतः माइक घेतला, कारण श्वास हलला की चित्र पुसट होतं आणि मला कसलीच चूक परवडणार नव्हती. पण श्वास रोखायला मराठीत काय सांगायचं? 'श्वास' मला पुस्तकी वाटला. घरी आई जिना चढून आली की 'दम लागला' म्हणायची. म्हणजे श्वास तो दम, आणि होल्ड म्हणजे धरा. मी बटण दाबून स्पष्ट म्हटलं, "काका, दम धरा."

काचेपलीकडे त्यांचं पोट आरामात वरखाली होत राहिलं.

"दम धरा, काका!"

"धरलंय गो बाय!" स्पीकरमधून आवाज आला. "सकाळपासून धरून आसंय! तुमका होया तितको येळ घेवा."

टेबल सरकलं आणि पहिलं चित्र आलं. ते साधं असतं, स्कॅन कुठून कुठपर्यंत घ्यायचा हे ठरवण्यापुरतं, आणि त्याला किरण अगदी थोडे लागतात. त्यात छातीखालची रेघ लाटेसारखी वाकडी आली होती. सीनियरना मराठी येत नव्हती, पण माझा चेहरा बघून ते म्हणाले, "क्या बोला तुमने?" मी अर्थ सांगितला. 'दम धरा' म्हणत बिचाऱ्या काकांना मी धीर धरायला सांगितलं होतं, आणि ते खरोखर धीर धरून होते. सीनियर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मी आत गेले. "काका, माझं चुकलं. श्वास आत घ्यायचा आणि सोडायचा नाही. मी सांगेपर्यंत."

"मगे असा सांग मा! बावीत बुडी मारताना धरतंत तसो?"

"हो. विहिरीत धरतात तसाच."

"त्येचा काय, बारको असल्यापासून येता माका."

त्यांनी अशी बुडी मारली की टेबल पुढे गेलं, मागे आलं, तरी पोटावरचा सदरा तसूभर हलला नाही. मी "सोडा" म्हणायला विसरले नाही, एवढंच त्या क्षणाचं मला आठवतं.

चित्रं आली ती दाणेदार, जाड रव्यासारखी. माझ्या आजवरच्या स्कॅनमधला दिसायला सगळ्यात वाईट स्कॅन. सीनियरनी फोन करून डॉक्टरांना बोलावलं. आमच्या रेडिओलॉजिस्ट ओमानी होत्या, कमी बोलायच्या. उभ्यानेच त्या स्क्रीनवर पोटाचा एकेक काप बघत खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. बाहेर काका शर्टाची बटणं लावत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मूत्राशयाच्या अगदी जवळ एक पांढरा ठिपका होता. डॉक्टर त्यावर बोट ठेवून इंग्रजीत म्हणाल्या, "हा इथे. खूप खाली आलाय, बहुतेक आपणच पडेल, इन्शाल्ला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चित्र सुंदर नाही."

"सॉरी, डॉक्टर."

"सॉरी कशाला? मला पुरतंय." आणि त्या गेल्या.

सीनियरनी किरणांच्या हिशोबाचं पान उघडून आधीच्या दोन स्कॅनशेजारी ठेवलं. आजचा आकडा दोन्हींपेक्षा पुष्कळच लहान होता. "देखा?" एवढंच म्हणून ते चहा आणायला उठले.

मी दार उघडलं. काका उठून उभे राहिले, जणू पुन्हा आत जायचंच आहे.

"परत बत्ती मारूची लागतली काय?"

"नाही, काका," मी म्हटलं. "खलास. एकदाच."

"मगे आता दम सोडू?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघं हसलो.