आसगावची सुई

सरांनी मला फसवलं आणि मी आसगावच्या सुमनला फसवलं. यातलं पहिलं वाक्य मी भेटेल त्याला ऐकवत आलो. दुसरं आज पहिल्यांदा लिहितोय — बायकोलाही ठाऊक नाही.

मी आंधळगावचा. बाजारात लसूण विकत शिकलो. घासाघीस अंगात मुरलेली, राग नाकावर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात हृदयरोग शिकत होतो. तिथे संशोधनाची संधी कुणाला? ज्याचा काका मोठा डॉक्टर, त्याला. म्हणून मी आमच्या विभागप्रमुख सरांशी सौदा केला — गावं मी फिरतो, मुलं मी तपासतो, पण शोधनिबंधावर पहिलं नाव माझं. सर हसले. "पक्कं," म्हणाले.

सांधेतापाने हृदयाची झडप दुखावलेली मुलं शोधायची, दर महिन्याला पेनिसिलिनची सुई द्यायची आणि झडप टिकते का ते काही वर्षं पाहायचं — असं ते काम. आसगावात सुमन सापडली. शाळकरी पोर, गुडघे सुजलेले. तिची आई कौतिकाबाई ऐकेना.

"धानाच्या रोवणीच्या चिखलात सांधे सुजतेतच, डाक्टर. त्याले सुई कायले?"

मी स्टेथोस्कोपची नळी आईच्या कानात घातली, पोरीचं हृदय ऐकवलं. ती घाबरली, मग माझ्यासारखीच अडून बसली. "तू येशील तं देऊ. दुसरा कोनी नाई पायजे." मी शब्द दिला. जातही राहिलो. सुमन मला पाहून बांधावरून पळायची आणि आई ओरडायची, "ये वं इकडे, तुहा मामा आला सुई घेऊन!"

मग निबंध छापून आला. पहिलं नाव सरांच्या पुतण्याचं. माझं — कुठेच नाही.

मी भांडलो, ते सगळ्यांना माहीत आहे. पुढचं नाही. मी आसगावला गेलो — सुई न घेता. मुलंच हाती उरली नाहीत, तर पुतण्या पुढे काय छापणार? कौतिकाबाईला म्हणालो, "पोरगी बरी झाली. आता कुणालाच टोचू देऊ नका." घरोघरी हेच सांगितलं. कौतिकाबाईने नव्या तांदळाची पिशवी दिली. मी घेतली.

पुतण्याला गावाने परत पाठवलं. किती खूश झालो होतो मी!

पुढे भंडाऱ्यात दवाखाना टाकला. काही वर्षांनी कौतिकाबाई सुमनला घेऊन आली — पोटुशी, धापा टाकणारी. नळी लावली. झडप पार आवळली होती. आई तिला म्हणत होती, "मामाजवळ आनलं तुले. आता फिकर नाई." नागपूरला नेताना वाटेतच सुमन गेली.

"बरी झाली होती ना जी ते?" कौतिकाबाईने विचारलं.

आणि मी काय म्हणालो? — रोवणीचा चिखल बाधला, बाई.

सरांकडे मी आयुष्यभर जाब मागितला. पण हा जाब सरांनी द्यायचा नाही, पुतण्यानेही नाही. मी द्यायचा. नाही, कौतिकाबाई — बरी झाली नव्हती. मला ठाऊक होतं.