सोनुबाईचं घोडं

चौक गावच्या सोनुबाईनं कशेळ्याकडची एक तरणी पोर विकली आणि बदल्यात घोडं घेतलं, अशी आवई एका पावसाळ्यात उठली होती. चौकात चहा पिणाऱ्यांनी ती कर्जतला नेली, कर्जतकरांनी खोपोलीला. खोपोलीला पोचेपर्यंत घोड्याची घोडी झाली होती आणि ती गाभण होती. आता घोडं खोटं म्हणावं तर तसंही नाही. तपकिरी रंगाचं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं घोडं सोनुबाईच्या दारात आंब्याला बांधलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि घोडं दिसतंय त्या अर्थी पोर विकलेली असणारच, हा चौकचा न्याय.

सोनुबाईची खोली मुंबई-पुणे रस्त्याला लागून, एका गॅरेजच्या मागे. ‘सोनुबाई बसते’ एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. तिचा नवरा ट्रकवर क्लीनर होता. तो बोरघाट चढून गेला तो उतरलाच नाही. मग सोनुबाई ढाब्यावर भांडी घासू लागली. भांडी घासताना लोक जे फुकट मागू लागले, ते ती पुढं मोलानं देऊ लागली. “भांडी तरी सुटली,” असं ती म्हणायची. तिचे नियम दोन. पिऊन आलेल्याला दार बंद, आणि गावच्या माणसाला तर कायमचंच बंद. गावाचा राग होता तो या दुसऱ्या नियमावर. तिला नावं ठेवण्यात पुढं कोण, तर त्या नियमानं दारातून परत गेलेले.

अशा या सोनुबाईकडे चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात कर्जतच्या मालतीबाई आल्या. मालतीबाई शाळेत मराठी शिकवत आणि उरलेल्या वेळात महिला मंडळ चालवत. चौकात उतरल्या तेव्हा एसटीच्या टपावरून त्यांच्यासाठी एक शिवणयंत्र उतरवण्यात आलं. ते दोन हमालांनी सोनुबाईच्या दारात आणून ठेवलं.

“सोनुबाई, आमच्या मंडळानं पतितोद्धाराचं काम हाती घेतलंय,” मालतीबाई म्हणाल्या.

“पतीचा उद्धार? त्यो तर मी रोज सकाळी तोंड धुताना करते, बाय. त्याच्या आईबापासकट.”

मालतीबाईंनी पदरानं घाम टिपला. “अहो, उद्धार तुमचा. हे मशीन तुमच्यासाठी. कपडे शिवा, मानानं जगा.”

“मला सुईत दोरा ओवता येत नाय. पन ठेवा. हांडा ठेवायला बरं.”

समोरच्या ढाब्यावर तेव्हा एक गृहस्थ बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात तुळशीची माळ. शेजारी विशीतली एक पोर, कोऱ्या पातळात अवघडलेली. पोरीचं नाव मैना, कशेळ्याच्या वरच्या वाडीतली. गृहस्थांना सगळे मामा म्हणत होते. पोरही म्हणत होती. मालतीबाईंची आणि त्यांची एसटीतच ओळख झाली होती. मामा भाचीला मुंबईत नोकरीला लावणार होते, चांगल्या घरी. मालतीबाईंना तर त्यांचं कौतुकच वाटलं होतं.

सोनुबाई मघापासून त्या दोघांकडे बघत होती. ती रस्ता ओलांडून गेली आणि मैनेला म्हणाली, “कुठं चाललीस गं?”

“मुंबईला,” मामा म्हणाले.

“जेवलीस का?”

“जेवली,” मामा म्हणाले.

“तुजं गठुडं कुठं हाय?”

“तिकडं सगळं नवीन मिळणार आहे,” मामा म्हणाले.

“नि कामाचं घर कुठं हाय, भायखळ्याला का दादरला?”

“तुला काय करायचंय?” मामा म्हणाले. मैना जमिनीकडे बघत राहिली.

सोनुबाई परत आली. कर्जतला टेसन असताना हा माणूस कर्जतच्याच एसटीनं चौकात येऊन मुंबईला जायला ट्रकची वाट बघतो, हे तिला आधीच खटकलं होतं. टेसनावर कशेळ्याचं कुणी ना कुणी भेटलं असतं. रस्त्यावर कोण ओळखतंय.

“बाय,” ती म्हणाली, “मशीन उचला नि त्या पोरीला द्या. उद्धार तिचा करायचा हाय.”

“तिचा? ती मामाबरोबर कामाला चाललीय.”

“ह्या मामाला मी वळखते. दोन वर्सांमागं असाच एका भाचीला घेऊन हितंच बसलेला. ती भाची कुनाला परत दिसली नाय.” सोनुबाईनं पदर कमरेला खोचला. “मी बसते, बाय. हिला बसवनार हायत.”

मालतीबाईंनी सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. बसणे, बसवणे. उठणे, उठवणे. एकात करणारा स्वतः, दुसऱ्यात करवून घेणारा कोणी वेगळाच. त्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. पण आजवर त्यांच्या फळ्यावर बसलं होतं ते लहान मूल, आणि बसवलं होतं ते आईनं पाटावर.

“पण तुम्हीसुद्धा काही हौसेनं…” त्या चाचरल्या.

“हौस भांडी घासायची तरी कुनाला असते? पन माज्या दाराची कडी आतनं लागते. तिच्या दाराची भायेरनं लागंल.”

तेवढ्यात घाटाकडून एक ट्रक आला, ढाब्यापुढं थांबला आणि ड्रायव्हरनं मामांना हात केला. पोलीस चौकी लांब. ट्रक चालू.

“बाय, मी तिकडं तमाशा करते,” सोनुबाई म्हणाली. “तुमी पोरीचा हात धरा नि माज्या मागल्या दारी न्या. तिथं नागू हाय.”

नागू म्हणजे माथेरानचा घोडेवाला. चणे न्यायला तो घोडं घेऊन चौकात उतरायचा. तो सोनुबाईचा धर्माचा भाऊ की अधर्माचा, यावर चौकात दोन तट होते.

सोनुबाई सरळ मामांच्या बाकड्यावर, त्यांना खेटून बसली.

“काय हो मामा, मागच्या खेपंला न सांगता गेलात. धोतर तरी न्यायचं. धुऊन ठेवलंय मी.”

ढाबा तिकडं वळला. मग हसला. मामांनी माळ मुठीत धरली. “कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही.”

“अगं आई. अंधारात वळख, उजेडात नाय. मामी कशी हाय? तिच्या गुडघ्याचं सांगत होतात.”

“तुझ्या घरून काय धोतराशिवाय गेले का गं मामा?” गॅरेजमधून कुणीतरी विचारलं.

“ते त्यांनाच विचारा की. मला वाटलं, मुंबईत तशीच चाल हाय.”

ड्रायव्हर, क्लीनर, भजी तळणारा, सगळे भोवती गोळा झाले. मामा आपल्या अब्रूला इतके जपत होते की भाचीला जपायचं राहून गेलं. मालतीबाईंनी मैनेचा हात धरला. पोर घाबरली. “मामा रागावंल,” म्हणाली. मालतीबाईंनी तिला वर्गात विचारतात तसं विचारलं, “तुला जायचंय का मुंबईला? तू सांग.” मैनेनं मान हलवली, नाही म्हणून. मालतीबाईंनी तिला जवळजवळ उचलूनच मागच्या दारी नेलं. मामांची घोळक्यातून सुटका झाली तोवर नागूचं घोडं माथेरानला चढणाऱ्या रामबागेच्या वाटेला लागलं होतं.

मैना माथेरानला एका हॉटेलात कामाला लागली. नागू म्हणाला, तिला शिवणकाम जमतंय. मग पावसाच्या तोंडावर ते शिवणयंत्रही त्याच वाटेनं, त्याच घोड्यावर वर गेलं. हांडा पुन्हा जमिनीवर आला, त्याबद्दल सोनुबाई काही दिवस कुरकुरली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मालतीबाई म्हणाल्या, “बसणारीच्या मागं लागण्याआधी आपण बसवणारे शोधू या.” बायकांना वाटलं, उन्हाचा परिणाम. त्या मात्र चौकाला येत राहिल्या. “हा धंदा सोडा,” असंही सांगत राहिल्या, कारण ते त्यांना मनापासून वाटत होतं. सोनुबाई चहा करून द्यायची, आणि ऐकायची नाही. पुढं गुडघे गेले तेव्हा तिनं धंदा आपण होऊन सोडला आणि त्याच दारात चहाची टपरी टाकली. गावचे लोक मग राजरोस आले. त्यांना ती दुधात पाणी घालून द्यायची.

पण त्या चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मामा एकदा परत आले होते. या वेळी माळ नव्हती, बरोबर दोन माणसं होती.

“पोरगी कुठाय?” त्यांनी विचारलं.

सोनुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

“विकली की. तुमी काय दिलं असतंत? मला बघा घोडं मिळालं.”

मामांनी घोड्याकडे पाहिलं. घोड्यानं मामांकडे पाहिलं. गॅरेजवाले ऐकत होतेच. मामा शिव्या घालत निघून गेले, आणि विकलेला माल शोधायला पुन्हा आले नाहीत. आवई संध्याकाळपर्यंत कर्जतला पोचली. सोनुबाईनं ती कधी खोडली नाही. मालतीबाईंनाही खोडू दिली नाही.

घोडं नागूचं होतं. शिवणयंत्र वर पोचवून उतरताना घोड्याचा पाय मुरगळला होता, म्हणून ते पावसाळाभर सोनुबाईच्या दारात बांधलेलं होतं. मैनेला कोणी विकलं नव्हतं. ती माथेरानला हॉटेलाचे पडदे शिवत होती.