टोपलीवर आलेला आळ

चंद्रपुरात मूल रोडला जुन्या गाड्या विकायचं एक आवार आहे. त्याच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये सुकलूभाऊ सीटा धुतात. कपड्याच्या सीटा. रेक्झिनची सीट आली तर तोंड वाकडं करतात, "हे काय काम हाय? फडकं मारलं का झालं."

कपड्याच्या सीटेवर मात्र माणूस रंगात येतो. आधी झोडपून धूळ काढायची, मग साबणाचा फेस, मग ब्रश, मग मशीननं आतलं घाण पाणी खेचायचं. पाणी चहाच्या रंगाचं निघालं की म्हणतात, "दूध टाकाचंच राह्यलं फक्त." मग सीटेला नाक लावून जुन्या मालकाची कुंडली मांडतात. "हा तंबाकूचा खर्रा खाये. इथी लेकरू वकलं. अन् इथी, बायकोले चोरून अंडाबुर्जी." शेडभर खिदळणं. हे नाक तलावाकाठी तयार झालेलं, मासे धरणाऱ्यांच्या घरात. आजची मासोळी, कालची मासोळी, सुकट, डोळे झाकून सांगतील.

पोळ्याच्या आधी एक मोठी जुनी गाडी धुवायला आली. घेणारा जंगलालगतच्या मोहर्लीकडचा अश्विन. पर्यटकांना स्टेशनवरून रिसॉर्टला नेण्याचं काम त्याला नुकतंच लागलं होतं. आभाळ आठवडाभर उघडलं नव्हतं. इकडे आवाराचे मालक, सेठ, फोन कानाला लावूनच ओरडत होते, "अरे सुकलू, हो गया क्या? पार्टी खडी है ना भाई! पोळ्याला गाडी दारात पाहिजे म्हणतो तो!"

सुकलूभाऊंनी सीट दाबून पाहिली. वरून कोरडी, आत ओल. सीटा खोलून पंख्याखाली आणखी ठेवायला हव्या होत्या, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ते म्हणाले, "होऊन गेलं सेठ." आणि मोगऱ्याचा फवारा मारला. जरा जास्तच मारला.

गाडी न्यायला अश्विनची माय रंभाबाईही आली होती. ती सुकलूभाऊंच्या शेजारच्या गावची, तलावाची मासोळी विकणारी. तिनं सीटेवरून हात फिरवला. "बापा! नवरीच्या गादीवानी हाय. सुकलूभाऊ, तुमच्या हातात सोन्याचं कडं घाला लागते."

सुकलूभाऊ हसले. त्या हसण्याची त्यांना अजून लाज वाटते.

गणपती उठल्यावर एका सकाळी रंभाबाई चंद्रपूरच्या स्टँडवर दिसली. डोक्यावर टोपली, एसटीतून उतरत होती.

"गाडी काय शोकेसात ठेवली का वो बाई?" सुकलूभाऊंनी टोमणा मारला.

ती हसली नाही. "मी नाई बसत भाऊ तिच्यात."

"काऊन?"

"पोळा झाल्यावर टोपली घेऊन बसलो एकदा. तवापासून सीटेनं वास धरला. पाव्हणे नाकाले रुमाल लावून बसतेत. मॅनेजर म्हणते," आणि तिनं हनुवटी वर करून मॅनेजरचा आवाज काढला, "'अश्विन, ये फिश स्मेल नहीं चलेगा. अगली बार दुसरी गाडी बुलाऊंगा.' पोरगा भांडला नाई. फक्त म्हणे, माय, तू एसटीनं जात जा. बरोबरच हाय त्याचं. आपला वासच तसा." एवढं बोलून तिनं स्वतःचाच पदर नाकाला लावला.

सुकलूभाऊ जवळ सरकले. "कसा येते वास? आंबट?"

"आंबट. ओल्या पोत्यावानी."

मासोळीला ओल्या पोत्याचा वास येत नाही. हे रंभाबाईला कळायला हवं होतं, सगळा जन्म टोपलीत गेला तिचा. पण घरात मासोळीवाली असताना वासाचा तपास कोण करतो? तिनं स्वतःसुद्धा केला नव्हता. सुकलूभाऊंनी तोंड उघडलं, पण नुसतं "अस्सं" म्हणून ते निघून आले.

घरी ताट समोर तसंच. बायको रुखमाबाई म्हणाली, "काऊन मुक्यावानी बसले? सेठनं हाकललं का?"

"नाई. हाकलाले पाहिजे होतं."

सुट्टीच्या दिवशी ते नटबोल्टाचे पाने आणि ब्रश पिशवीत घालून अश्विनच्या दारात उभे राहिले. अश्विन गाडी पुसत होता. आत अगरबत्ती, कापराच्या पुड्या, लिंबं. गाडी कसली, देऊळच. आणि त्या सगळ्याच्या खाली तो ओल्या पोत्याचा वास.

"काका, तुम्ही इकडं कुठी?"

"पाना धर," सुकलूभाऊ म्हणाले.

दोघांनी मागची सीट काढून उलटी केली. फोमवर बुरशीचे काळे ठिपके. सुकलूभाऊंनी तळवा दाबला आणि ओला हात अश्विनच्या नाकाखाली धरला.

"मासोळी हाय का हे?"

अश्विननं हात हुंगला.

"मी ओली सीट देल्ली तुले. माहीत असून देल्ली. वरतून मोगरा मारला. तुह्या मायच्या टोपलीनं काई नाई केलं."

अश्विनचा चेहरा लालबुंद झाला. "काका, तुम्हाले..." पुढची शिवी त्यानं गिळली.

"दे शिव्या. त्यासाठीच आलो."

"तुम्हाले देऊन काय होते? एसटीत त मीच चढवलं तिले."

रंभाबाई भरलेली टोपली घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं, दोघांनाही कळेना.

"माय, थांब. मी सोडतो गाडीनं."

"अन् बसू कुठी रे? सीट त उपटली तुम्ही."

"पुढं बस ना माह्या बाजूले."

ती पुढे बसली नाही. मागच्या उघड्या पत्र्यावरच फतकल मारून बसली, टोपली मांडीवर. "हळू ने बे. मासोळीले चक्कर येते."

अश्विननं हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. गाडी हलली तसं तिनं खिडकीतून डोकं काढलं.

"सुकलूभाऊ! सीटेले सावकाश ऊन दाखवा आता. घाई नाई."

टोमणा होता की समजूत, सुकलूभाऊंना उमगलं नाही. त्यांनी मान हलवली. मग सीट उचलून अंगणात उन्हाच्या पट्ट्यात नेली आणि ऊन सरकेल तशी ती सरकवत राहिले.