फाटकावरची पिशवी

आमच्या पोदेराइतका आज्ञाधारक आणि त्याच्याइतका कुणाचेच न ऐकणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. ही दोन्ही बिऱ्हाडे एकाच माणसात कशी नांदतात हे समजायला मला पन्नाशी उलटावी लागली. मांद्र्याच्या अलीकडे आमचा गाव, आणि गावात पाव भाजणारे घर एकच, या क्रिस्तांव पोदेराचे. सकाळी सायकलच्या मागे उंडे आणि पोया अशा पावांची टोपली बांधून, हँडलवरचा रबरी पोंप वाजवत तो वाड्यावर शिरायचा. आम्ही सगळ्यांनी फाटकाला कापडी पिशव्या अडकवून ठेवलेल्या असायच्या. त्यात पाव टाकायचे आणि पुढे व्हायचे, असा शिरस्ता. पण त्याला काही विचारले की पंचाईत. तो हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, डोळे मिटायचा आणि 'व्हडल्याक' विचारायचा. व्हडलो म्हणजे देव. "पाहुणे येणार आहेत, उद्या चार उंडे जास्त टाक," एवढ्यालाही व्हडल्याची मंजुरी लागे. एकदा ती यायला इतका वेळ गेला की माझ्या बायकोने आत जाऊन पोह्यांना फोडणी घातली.

खोटे तर त्याच्या तोंडून निघायचेच नाही. "ताजे आहेत ना रे?" असे विचारले तर टोपलीत हात घालून सांगायचा, "हे ताजे. हे कालचे, हे तुमी घेवं नाकात." गिऱ्हाईक घरी आलेले असले तर त्याची बायको म्हणे दारामागे उभी राहून कपाळाला हात लावी. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या आईने स्वतः थरावर थर भाजून केलेली गोड बेबिंक हौसेने त्याच्यापुढे धरली आणि कशी झालीय म्हणून विचारले. त्याने डोळे मिटले तेव्हाच आम्ही काय ते ओळखले. "करपल्या," तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा मागून घेतला. आयतारी, म्हणजे रविवारी, त्याचा फोर्न थंड असायचा; भट्टी पेटायचीच नाही. एकदा आयतारीच गावात मंत्री यायचे ठरले, पाव-भाजीचा बेत झाला, आणि पंचायतीचे लोक पाव सांगायला गेले. पोदेराने व्हडल्याला विचारले आणि उत्तर दिले, "मंत्र्याक सोमारा येवंक सांगात." मंत्री आयतारीच आले. त्यांनी पुरी-भाजी खाल्ली.

इथपर्यंत सगळे हसण्यावारी चालले होते. मग कुणा बाहेरच्या माणसाने फणसाखालची झर असलेली जमीन हॉटेलासाठी घेतली. ही झर बारा महिने वाहते. घरोघरी नळ आल्यावर आम्ही सगळ्यांनी तिची वाट सोडली होती, एक पोदेर सोडून. त्याचे पीठ त्याच्या बापापासून त्याच पाण्यात मळले जायचे. सरकारी परवान्याला झर आड येत होती, म्हणून सरपंचांनी एक कागद काढला: 'सदर जमिनीत झर नाही व पूर्वीही नव्हती.' त्यावर वाड्यावरच्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी सह्या करायच्या. बदल्यात देवळापुढच्या मांडवाला पत्रे, मुलांना हॉटेलात नोकऱ्या आणि क्रिस्तांवांच्या प्रार्थनेच्या गळक्या कपेलाला नवे छप्पर. मी शाळामास्तर. कागदातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही ठोकली. सकाळी ज्या झरीच्या पाण्याचा पाव खाल्ला ती झरच नाही, असे दुपारी लिहून द्यायला मला काही म्हणता काही वाटले नाही.

पोदेराला पंचायतीत बोलावले तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. कपेलाच्या कमिटीचे दोघेजणही होते.

"पोदेरबाब, सगळ्यांनी सही केल्या. तुकाच कित्याक जायना?" सरपंचांनी गोडीत विचारले.

"झर आसा मरे, सरपंचबाब."

"आसा तें आमकांय खबर आसा. कागदार ना म्हणपाचें."

कमिटीतला एकजण डोक्यावर छत्री धरल्यासारखा हात करून म्हणाला, "कपेल गळटा. तूं स्वता मिसाक सत्री उगडून बसता."

"देवाच्या घरांत पावस आयल्यार चलता. फट येवंक फावना." फट म्हणजे खोटे.

तिथे सायकल नव्हती. त्याने टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले. "तुमी सांगशात जाल्यार फाल्यां सावन पोंप वाजोवंचो ना," तो म्हणाला. "पूण झर व्हडल्यान दिल्या. ती ना म्हूण बरोवपाक ताची परवानगी जाय. आतांच विचारलें. ना म्हणटा." आणि सरपंचांना हात जोडून तो निघून गेला. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. माझी सही एकदम मोठी दिसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या एकाही फाटकाला पिशवी नव्हती. क्रिस्तांवांच्याही नाही. पोदेर नेहमीच्या वेळी आला. प्रत्येक फाटकाशी थांबला, पोंप वाजवला, पिशवीत पाव टाकायला लागतो तेवढा वेळ उभा राहिला आणि पुढे गेला. मी नेमका अंगणात सापडलो. काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, "पिशवी धुवायला टाकलीय रे."

"बरें," तो म्हणाला.

झाले. तिथून पुढे रोज सकाळी माझ्या फाटकाशी पोंप वाजला की विचारणा व्हायची, "मास्तर, पिशवी सुकली?" मी "नाही अजून" म्हणायचो. कडकडीत ऊन पडले होते, आणि माझी पिशवी तीन आठवडे ओलीच होती. टोपली भरलेली यायची, भरलेली परत जायची. पाव तो वाटेवरच्या मजुरांना देऊन टाकायचा. त्याच्या बायकोने कानातले मोडले असे माझ्या बायकोने ऐकून आणले. न राहवून मी एकदा म्हटले, "अरे, कुणी घेत नाही तर भाजतोस कशाला? मोडून पडशील."

"भाज म्हूण सांगलां," तो म्हणाला. "खपतले म्हूण सांगूंक ना."

त्या दिवशी शाळेत फळ्यावर मला एक ओळ सरळ लिहिता येईना. संध्याकाळी मी पंचायतीत गेलो आणि 'झर आहे, मी तिचे पाणी प्यायलो आहे' असे लिहून माझी सही मागे घेतली. दुसऱ्या सकाळी पिशवी फाटकाला लावून बाजूला उभा राहिलो. पोदेर आला. मी म्हटले, "पिशवी धुवायला टाकलीच नव्हती."

त्याने हँडल धरले, डोळे मिटले. पोह्यांना फोडणी देऊन होईल इतका वेळ गेला. मग डोळे उघडून त्याने दोन उंडे पिशवीत टाकले. "आतां सुकली," तो म्हणाला.

माझ्यामागून आणखी काहींनी सह्या मागे घेतल्या. कागद कुठल्यातरी कचेरीत पडून आहे, कपेल अजून गळते, आणि झर वाहते आहे. पिशव्या हळूहळू परत फाटकांवर आल्या, सरपंचांची सगळ्यात शेवटी. पोदेराने त्यांच्या पिशवीत तितक्याच मायेने पाव टाकला.

गेल्या वर्षी त्याचे गुडघे गेले. "फोर्न पालय म्हूण सांगलां," एवढेच म्हणाला आणि बापापासून पेटत आलेली भट्टी त्याने तक्रार न करता विझवली. आता आम्ही दुकानातला पाव खातो. माझी पिशवी अजून फाटकाला आहे, काढवत नाही. आणि कुणी सहीसाठी कागद पुढे केला की मी टेबलाची कड धरून डोळे मिटतो. मला तिकडून काहीच ऐकू येत नाही. पण पेन उचलायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो.