सेल काढले तरी पंखा आपोआप थांबून राह्यला होता

हे मले आत्ताच सांगाच लागते, कारण आज मैत्रिणीनं नव्या रिमोटवाल्या पंख्याचा फोटो पाठवला.

आम्ही चंद्रपूरजवळ पॉवर हाऊसच्या कॉलनीत राह्यतो. मागच्या मे महिन्यात बाबानं आन बाजूच्या क्वार्टरमधल्या काकानं एकाच दुकानातून सारखेच दोन पंखे आणले. वायरमननं दोन्ही घरी लावून देल्ले आन म्हणे, "खटका चालू करा, लगेच रिमोटचं बटण दाबून धरा. टूं वाजलं का जोडला समजा."

मी बटण दाबलं आन लाइनच गेली. भिंतीपलीकडून काका म्हणे, "काऊन पोरी, साऱ्यायले लाइट आपण देतो, आन आपल्याच घरी अंधार?"

"बटण सोडू नका काका, येईनच आता."

लाइन आली तेव्हा आम्ही दोघंही बटण दाबूनच होतो. आमचा पंखा दोनदा वाजला. मले वाटलं, झकास जोडला.

बाबा आन काका एकाच गाडीवर नाइटले गेले, सकाळी संगंच आले. काकू लग्नासाठी वडसाले गेल्या होत्या. काका म्हणे, डोकं जड आहे, झोपतो.

दुपारी आमचा पंखा आपोआप बंद झाला. मग फुल. मग परत बंद. बाबा घामानं उठले. "ठेव न व तो रिमोट."

"मी हातच नाई लावला."

मी रिमोटचे सेल काढून बाबाच्या उशाशी ठेवले. पंखा परत थांबला.

आई काकाच्या घराच्या भिंतीकडे पाहत म्हणे, "भाऊच्या कूलरचा आवाज नाई येऊन राह्यला."

"झोपू दे त्याले," बाबा म्हणे.

आमच्या कॉलनीत नाइट करून आलेल्या माणसाच्या दाराले कोणी हात लावत नाई. दारात चपला दिसल्या का दूधवालाही मागं फिरते.

मग पंखा उशिरा उशिरा थांबू लागला. मग थांबणंच बंद. एकसारखा फिरत राह्यला. "झाला ठीक," म्हणून बाबानं कूस बदलली. तेव्हा मले लाइन आली ती वेळ आठवली. पंखा दोनदा वाजला होता. म्हणजे त्याले दोन रिमोट जोडले होते, आमचा आन काकाचा.

"बाबा, आपला पंखा काका चालवून राह्यले होते. आता ते बटण दाबत नाई."

बाबा उठून गेले, दार वाजवलं, हाका मारल्या, मग कडी तोडली. आत नुसती भट्टी. मेन खटका पडलेला, कूलर बंद, पंखा बंद. काका खाटेजवळ खाली पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं आन कोरडं, रिमोट मुठीत. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. बाबा त्यायले हलवून म्हणत होते, "ऊठ न लेका, चहा घेऊ."

वाचले ते. पण अजून बोलताना शब्द अडकते, आन कामावर काही जाता येत नाई. त्यायले एवढंच आठवते, एखाद्या डाव तं पंखा फिरन म्हणून बटण दाबत होते. तो फिरत होता, आमच्या घरी. आन आम्ही त्याले शिव्या देऊन राह्यलो होतो.

तुमच्या घरचा पंखा असा आपोआप थांबला काय कधी? तेव्हा बाजूचं दार वाजवलं काय तुम्ही? सांगा न.