गाडीत गप्प बसवलेली सासू

ट्रेनिंगमध्ये प्लास्टिकच्या पुतळ्याला मी इतक्या वेळा श्वास दिला होता, की सर म्हणायचे, तुझा हात बसला. बसला होता खरा. पण पुतळा कधी काळानिळा पडत नाही, आणि त्याच्या शेजारी त्याची सासू बसत नाही.

ॲम्ब्युलन्सवर लागून मला तिसरा आठवडा होता. भर दुपारी देडतलाई गावाजवळ केळीच्या बागेत काम करताना एका सुनेला नाग चावला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या आणि सासू तिच्या गालावर चापट्या मारत होती. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, झोपला की गेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मीही हेच ऐकत वाढले. ट्रेनिंगमध्ये कळलं, की ती झोप नसतेच. विषानं आधी पापण्या लुळ्या पडतात, मग श्वास.

बऱ्हाणपूरचं हॉस्पिटल अजून लांब होतं, आणि वाटेतच तिचा श्वास थांबत आला. तोंडावर मास्क धरून मी हवेचा फुगा दाबायला लागले. पाच मोजायचे, मग एकदा दाबायचं, घाई करायची नाही, असं सरांनी शंभरदा बजावलेलं. पण भीतीनं हात नुसता पळत होता. मनात आकडे धरावेत, तर शेजारी सासूची टकळी: झोपू नको बाई, शेळी सुटली बघ, तुझ्या लेकीची वेणी कोण घालणार, ऊठ. माझे आकडे चुकत होते. तिसऱ्यांदा चुकले आणि डोकंच फिरलं माझं.

"गप बसा हो! तिला काही ऐकू येत नाहीये!"

सासू गप्प झाली. तोंडाला पदर लावून शहर येईपर्यंत तशीच बसली. मी मोजत राहिले. खरं सांगते, एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. मेली असती तर माझ्या हातात मेली असती.

ती वाचली. चार दिवसांनी मी वॉर्डात गेले, जरा मिरवतच. ती उशीला टेकून बसली होती. माझा चेहरा तिनं पाहिलेला नव्हता, आवाजावरून ओळखलं.

"मला सगळं ऐकू येत होतं, ताई. डोळे उघडेनात, बोट हलेना. सासूबाई बोलत होत्या तोवर वाटत होतं, आहे मी. तुम्ही त्यांना गप्प केलं, अन् मला वाटलं, मेले."

सासू तिथंच स्टुलावर होती. मी तिची माफी मागितली. तिनं बशीत चहा ओतून माझ्यापुढे धरला. माझ्यासमोर ती अजूनही गप्पच होती.