खुंटीवरचा फोटो

आमच्या ह्यांना अख्खं उद्यान 'खुंटी' म्हणतं. साहेब लोक म्हणतात, संचालक बाई 'खुंटीकाका' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर चिडले की मीही म्हणते.

देशातलं हे सगळ्यांत जुनं राष्ट्रीय उद्यान. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी समोरच्या डोंगराचा पहिला फोटो काढला आणि जिथे उभं राहून काढला तिथे खडकात एक लोखंडी खुंटी ठोकून ठेवली. तेव्हापासून दरवर्षी, त्याच तारखेला, सकाळी दहा वाजता, कॅमेऱ्याखाली ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडून तो बरोबर खुंटीच्या डोक्यावर आणायचा आणि त्याच डोंगराचा तसाच फोटो काढायचा. कडा कुठे फुटला, बर्फ किती मागे गेलं, सगळं त्यावरून कळतं. एकतीस वर्षं हे काम ह्यांच्याकडे. माणूस असा काटेकोर, की आमच्या लग्नात फोटोवाल्याला बोहल्यावरून तीनदा मागे सरकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी कचेरीतून हे लवकर परत आले. कड्याच्या पायथ्याचं दगडी विश्रामगृह पाच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, ते परवा उघडणार होतं. आमच्या थोरलीला तिथल्या स्वयंपाकघराचं काम मिळालं होतं. आठवडाभर ती आणि सहा कामगार तिथेच राहत होते. संचालक बाईंनी गेल्या पाच वर्षांचे फोटो टेबलावर मांडले, 'कड्यात बदल नाही' असा कागद पुढे केला आणि सही मागितली. हे म्हणाले, चष्मा घरी राहिला.

चष्मा नाकावर होता.

"घोडं कुठे अडलंय ते सांगा," मी म्हटलं.

हे खुर्चीत बसले, गुडघ्यावर हात ठेवून. "चार वर्षं मी वर गेलोच नाही."

गुडघा गेल्यापासून खुंटीपर्यंतची शेवटची चढण ह्यांना जमत नव्हती. खालच्या वळणावरून फोटो काढायचे आणि कंप्युटरवर मोठा करून, कडेने कापून मापात बसवायचे. कुणाला पत्ता लागला नाही. पण वळणावरून कड्याचा वरचा भाग एका फुगीर खडकामागे लपतो. आणि कड्यातली जुनी भेग तिथेच आहे, विश्रामगृहाच्या बरोबर डोक्यावर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरगी खाली झोपते, आणि तुम्ही गप्प?"

"अगं, तेव्हा खाली कुणी राहत नव्हतं."

"बाईंना जाऊन सांगा, आत्ता!"

"आधी बघू तरी. काहीच नसलं तर उगाच शोभा कशाला?"

मी तरी काय, मलाही त्या शोभेचीच धास्ती. ऐकलं. आजही स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

आमच्या क्वार्टर्सच्या मागूनच खुंटीकडे वाट जाते. वळणापर्यंत हे काठी टेकत आले. तिथे बसून त्यांनी मला ओळंबा कसा धरायचा ते शिकवलं आणि पाच वर्षांपूर्वीचा शेवटचा खरा फोटो हातात दिला. पुढे मी एकटी. फोनला रेंज नाही. उद्यानाचा वायरलेस ह्यांच्याकडेच राहिला. कॅमेरा पाठीवर, जीव मुठीत. वरून बारीक खडे घरंगळायचे, आवाज थांबेपर्यंत मी खडकाला चिकटून उभी राहायची.

खुंटी सापडली. तिपाई लावली. वाऱ्याने ओळंबा थांबेचना. शेवटी मी तो दोन बोटांत धरला, सोडला, आणि बटण दाबलं. मग जुना फोटो डोळ्यांसमोर धरला.

फोटोत भेग एका पांढऱ्या डागापाशी संपत होती. समोर कड्यावर ती डाग चिरून पलीकडे गेली होती, पार कडेपर्यंत. आतला काळोख दिसत होता.

तिपाई तिथेच टाकून मी धावत, घसरत खाली आले. ह्यांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि वायरलेस उचलला.

"फक्त आजच्या फोटोबद्दल सांगा," मी म्हटलं. "मागचं कशाला उकरायचं?" हो, मीच म्हटलं. एकतीस वर्षांचं नाव होतं हो ते.

ह्यांनी वायरलेसचं बटण दाबलं. तो कचेरीत ऐकू जातो, प्रत्येक चौकीवर जातो आणि विश्रामगृहातही. "बाई, भेग कडेपर्यंत गेलीय. विश्रामगृह रिकामं करा."

क्षणभर खरखर. मग संचालक बाई, "काका, गेल्या वर्षी कुठपर्यंत होती?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून.

"माहीत नाही," हे म्हणाले. "चार वर्षांचे फोटो खोटे आहेत. मी वर गेलो नव्हतो. खालून काढून मापात बसवले."

मग वायरलेसवर आमच्या थोरलीचा आवाज आला. "बाबा, आमच्याकडे किती वेळ आहे?"

त्या डोंगराबद्दल ह्यांना काहीही विचारा, उत्तर तयार असायचं. 

"सांगता येत नाही, बाळा. तेच बघायला मला ठेवलं होतं. सामान राहू दे. सगळ्यांना घेऊन नीघ."

वळणावरून विश्रामगृहाचं दार दिसतं. आम्ही दोघं माणसं मोजत उभे राहिलो. एक, दोन, मग बराच वेळ कुणीच नाही, मग चौघं एकदम. सातवी आमची थोरली. तिने दार ओढून घेतलं, आणि वर आमच्याकडे एकदाही न बघता चालायला लागली.